बाईंनी बसवलेलं कोण सांभाळणार?

आम्हाला नाच शिकवणाऱ्या आमच्या बाई गेल्या, त्यानंतरच्या चतुर्थीला आम्ही सातआठ जणी त्यांच्या गोव्यातल्या फोंड्याच्या घरी जमलो. त्यांनी बसवलेली फुगडी पुन्हा करायची ठरलं होतं. गाणं सगळ्यांना पाठ, लुगडी पेटीत होती, दोन सीडीही सापडल्या. मध्यावर दोन्ही रांगा एकमेकींतून आरपार जातात, तिथे गाडी अडली. आधी कुठली रांग सुटते, उजवी की डावी? सीडीत नेमक्या त्याच क्षणी कॅमेरा पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांवर गेलेला. तिघींची तीन मतं, आणि प्रत्येकीला खात्री की आपलंच खरं. बाई असत्या तर दोन मिनिटांचं काम होतं.

त्यानंतर दोनअडीच वर्षं मी बाईंच्या कपाटातच राहिले म्हणा ना. तुमच्यावरही असं काम आलं असेल, शिष्य म्हणून, मुलगी-सून म्हणून किंवा पथकातलं त्यातल्या त्यात लिहिता-वाचता येणारं माणूस म्हणून, तर ही टिपणं तुमच्यासाठी. आणि नृत्य बसवणारं माणूस अजून हयात असेल तर तुम्ही नशीबवान आहात. आजच सुरुवात करा.

क्रम एकच लक्षात ठेवा: जे आधी नाहीसं होणार ते आधी वाचवायचं. सगळ्यात आधी जाते आठवण, मग टेप, मग कापड. कागद बऱ्यापैकी टिकतो. लोक नेमकं उलट करतात. आधी फोटो लॅमिनेट करून घेतात (ते तर कधीच करू नका, प्लास्टिक पुन्हा निघत नाही) आणि बोलायचं राहून जातं.

पहिलं काम: माणसाला बोलतं करा

‘तुमच्या प्रवासाबद्दल सांगा’ असं विचारलंत की सत्कारातलं भाषण ऐकायला मिळेल. बाई मुलाखत म्हटलं की साडी बदलून यायच्या आणि त्यांच्या गुरूंपासून सुरुवात करायच्या. खरं बोलायच्या त्या भाजी चिरताना. म्हणून जुना व्हिडिओ समोर लावा, दर मिनिटाला थांबवा आणि बारीक विचारा. इथे चार मात्रा नुसतं उभं का राहायचं? ही जागा पहिल्या प्रयोगात अशीच होती का? मुली सहाच मिळाल्या तर काय करता? यातलं काय बदललं तर चालेल आणि काय बदललं तर तुम्ही उठून जाल?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सोन्याच्या मोलाचं. उद्या कोणी नृत्य कापून पाच मिनिटांचं करायला मागितलं तर तुमच्याकडे ठेवणीतलं उत्तर असेल, तेही खुद्द त्यांच्या आवाजात.

फोनवर ध्वनिमुद्रण पुरतं. पंखा बंद करा, पत्र्याच्या छपराखाली पावसात बसू नका, सुरुवातीला तारीख, जागा आणि कोण बोलतंय ते मोठ्याने सांगा. एका वेळी तासाच्या वर नको.

साथीदारांना विसरू नका. नाचणाऱ्यांपेक्षा वाजवणाऱ्यांना रचना जास्त आठवते असा माझा अनुभव आहे, कारण त्यांनी ती समोरून पाहिलेली असते. आमच्याकडे घुमटाचा, म्हणजे मातीच्या मडक्याला कातडं ताणून केलेल्या तालवाद्याचा, आणखी एक पेच आहे. पूर्वी घुमटाला घोरपडीचं कातडं असायचं. वन्यजीव कायद्याने ते बंद झालं, आता बकरीचं लावतात. २०१९ साली सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य जाहीर केलं ते या नव्या रूपात. दोन्हींचा नाद एक नाही, असं जुने वाजवणारे सांगतात. जुन्या रचनेची टेप मिळाली तर ती नुसती संगीताची आठवण नव्हे. पाय कुठल्या आवाजावर पडत होता, त्याचा तो पुरावा आहे. कुठलं घुमट होतं, हे वहीत लिहा.

दुसरं काम: यादी

कंटाळवाणं आहे, पण टाळू नका. एका रचनेला एक पान. नाव (आणि तालमीतलं टोपणनाव, कारण सगळ्यांच्या तोंडी तेच असतं), पहिला प्रयोग कधी-कुठे, निमित्त काय, गीत कोणाचं, चाल कोणाची, नाचलं कोण, कपडे कोणी शिवले आणि पैसे कोणी दिले. शेवटचा रकाना पुढे हक्कांच्या वेळी उपयोगी पडतो.

तारखा आठवणीवर सोडू नका. निमंत्रणपत्रिका, कार्यक्रमपत्रिका, फोटोच्या मागचा स्टुडिओचा शिक्का हे सगळं पाहा. कला अकादमी, फोंड्याचं राजीव गांधी कला मंदिर किंवा तुमच्या भागातलं रवींद्र भवन इथे झालेल्या प्रयोगांच्या बातम्या मराठी दैनिकांत छापून येत. पणजीला पाट्टोवर कृष्णदास शामा ग्रंथालय आहे, त्याचं मूळ १८३२ सालच्या पोर्तुगीज काळातल्या सार्वजनिक वाचनालयात. तिथे जुन्या वर्तमानपत्रांची चौकशी करा. मोसम ठाऊक असेल तर शोधणं सोपं जातं. शिगमो (आपला शिमगा) म्हटलं की फाल्गुन-चैत्र, धालो (बायकांचा रात्रीचा गाण्या-नाचाचा खेळ) म्हटलं की पौष.

तिसरं काम: कॅसेटी आणि कपडे, पावसाच्या आत

गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. व्हीएचएस टेपवर पांढरी बुरशी दिसली तर ‘बघूया चालते का’ म्हणून ती व्हीसीआरमध्ये घालू नका. टेप तर जातेच, शिवाय बुरशी यंत्राच्या डोक्याला लागून पुढची चांगली कॅसेटही बिघडते. मी एक घालवली आहे. अशी टेप वेगळ्या पिशवीत बांधा आणि डिजिटायझेशन करणाऱ्या जाणत्या माणसाकडे द्या. बाकीच्या उभ्या ठेवा, आडव्या रचू नका. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घाला आणि त्या बदलत राहा.

डिजिटल केल्यावर तीन प्रती: दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर, आणि त्यातली एक दुसऱ्या घरात, शक्यतो दुसऱ्या गावात. तिसरी क्लाउडवर. वर्षातून एकदा डिस्क लावून फाइल उघडते का ते पाहा. पेन ड्राइव्हवर भिस्त नको. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला व्हिडिओ ही मूळ प्रत नव्हे, तिथे चित्र दाबून लहान झालेलं असतं. फाइलला ‘फायनल नवीन २’ असलं नाव देऊ नका. वर्ष, रचना, जागा एवढं पुरे. आणि मूळ टेप फेकू नका.

कपडे प्लास्टिकमधून काढून धुतलेल्या साध्या सुती कापडात गुंडाळा. जरीची घडी दर वर्षी बदला, नाहीतर घडीवरच चिरते. लोखंडी कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे आणि जमिनीपासून वर असावं. वाळवी आणि गंज दोन्ही तिथूनच चढतात.

चौथं काम: नृत्य लिहून काढा

इथे मात्र वेळ द्या. ‘व्हिडिओ आहे की’ म्हणून सुटका होत नाही. व्हिडिओत एका दिवशीचा एक प्रयोग असतो, त्यात कोणाची तरी चूक असते, आणि मागच्या रांगेचे पाय कधीच दिसत नाहीत.

काणकोण-केपे भागातला गोफ घ्या. वरून सोडलेल्या रंगीत दोऱ्या हातात धरून नाचणारे एकमेकांना वळसे घालत वेणी विणतात, आणि मग उलट्या पावलांनी ती सोडवतात. समोरून काढलेल्या व्हिडिओत वेणी होताना दिसते, पण कोण कोणाच्या बाहेरून गेला ते कळत नाही, आणि एक वळसा चुकला तरी वेणी सुटत नाही. गोफ टिपायचा तर एक कॅमेरा माडीवरून, खाली रोखून हवा, आणि प्रत्येक नाचणाऱ्याला क्रमांक देऊन कागदावर आकृती हवी. शिगम्यातल्या रोमटामेळाचं, म्हणजे रस्त्यावरून ढोल-ताशांवर नाचत जाणाऱ्या मिरवणुकीचं, आणखी वेगळं. तिथे रंगमंचच पुढे सरकत असतो, त्यामुळे एक माणूस कॅमेरा घेऊन पथकाबरोबर चालायला हवा.

रंगमंचावरच्या रचनेसाठी तीन चित्रणं करून घ्या. एक पूर्ण रंगमंच दिसेल असं, स्थिर, कॅमेरा अजिबात न हलवता. दुसरं मागून, म्हणजे शिकणाऱ्याला उजवं-डावं उलटं करावं लागत नाही. तिसरं तालमीच्या कपड्यांत, सावकाश लयीत, तोंडाने मात्रा मोजत. हे तिसरंच पुढे शिकवताना सगळ्यात कामाला येतं, आणि तेच कोणाकडे नसतं.

मग वही. लाबानच्या १९२८ सालच्या नृत्यलिपीसारख्या लिप्या जगात आहेत, पण त्या शिकायला वर्षं जातात. आपल्याला घरगुती पद्धत पुरते. पान आडवं धरा, डावीकडे मात्रा (समेला ×, खालीला ०), मग गाण्याचे शब्द किंवा बोल, मग पाय, हात, नजर, आणि शेवटी जागा. जागेसाठी पानाच्या कडेला रंगमंचाचा छोटा चौकोन. उजवं-डावं नाचणाऱ्याचं धरलंय, प्रेक्षकाचं नाही, हे पहिल्या पानावर ठळक लिहा. नाहीतर दहा वर्षांनी दुसरं कोणी सगळी रचना आरशातल्यासारखी उलटी बसवेल.

लिहिलेलं टिकतं याचं आपल्याच भाषेतलं उदाहरण तंजावरला आहे. तिथले मराठा राजे सरफोजी (दुसरे) यांच्या काळातली मराठी निरूपणं, म्हणजे नाचून सांगायच्या पदांच्या रचना, सरस्वती महाल ग्रंथालयात हस्तलिखितात राहिली, म्हणून विसाव्या शतकात आचार्य पार्वतीकुमार त्यांच्यावर भरतनाट्यम बसवू शकले. मात्र हालचाली त्यांना स्वतः घडवाव्या लागल्या. शब्द होते, पाय नव्हते.

दुसरं उदाहरण अमेरिकेतलं. नृत्यरचनाकार मर्स कनिंगहॅम २००९ साली वारले, त्याआधीच पुढचा सगळा बेत ठरला होता. कंपनीने दोन वर्षं जगभर शेवटचा दौरा करायचा आणि बंद व्हायचं. ३१ डिसेंबर २०११ रोजी शेवटचा प्रयोग झाला. मागे राहिल्या एकेका रचनेच्या ‘डान्स कॅप्सूल’: व्हिडिओ, टिपणं, प्रकाशयोजना, कपड्यांची आरेखनं, संगीत, सगळं एकत्र. आपल्याला एवढा खर्च झेपणार नाही, पण प्रत्येक रचनेचा एक खोका करता येतो. मी बुटांचे खोके वापरले.

परंपरेचं काय घेतलं आणि स्वतःचं काय घातलं, हेही याच वहीत लिहा. धालोत बायका मांडावर (गावातल्या ठरलेल्या अंगणात) दोन रांगांत समोरासमोर असतात. रंगमंचावर आणताना बाईंनी त्या रांगा तिरक्या केल्या, ते बाईंचं. गाणं आणि पाऊल त्या गावच्या बायकांचं. कुठल्या मांडावर, कोणाकडून शिकलो, हे लिहिलं नाही तर उद्या बाईंच्या नावावर अख्खा धालो जमा होईल. बाईंनाच ते आवडलं नसतं. मांड ही पवित्र जागा असते, म्हणून तिथे काढलेलं चित्रण गावाला विचारल्याशिवाय यूट्यूबवर टाकू नका.

पाचवं काम: हक्क कोणाचा, ते कागदावर

कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात नृत्यरचना ‘नाट्यकृती’त मोडते, पण ती लिखित किंवा अन्य स्वरूपात पक्की केलेली असायला हवी. त्याच व्याख्येत चित्रपट वगळलेला आहे. म्हणून नुसत्या व्हिडिओवर राहू नका, चौथ्या कामातली वही इथेही तुमची साक्षीदार. सुटी पावलं, मुद्रा, ताल, फुगडीचा प्रकार यांच्यावर कोणाचीच मालकी नसते. मालकी असते ती विशिष्ट मांडणीवर. ती रचनाकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं चालते.

नोंदणी सक्तीची नाही, पण वाद झाला तर नोंदणी हा प्रथमदर्शनी पुरावा धरतात. नाट्यकृतीला शुल्क ५०० रुपये, अर्ज ऑनलाइन करता येतो, हरकतींसाठी ३० दिवसांची वाट. सगळ्याच रचना नोंदवत बसू नका. ज्या दोनचार पुन्हापुन्हा मागितल्या जातात, तेवढ्या करा.

आता तो ‘पैसे कोणी दिले’ हा रकाना काढा. नोकरीचा भाग म्हणून बसवलेल्या रचनेचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. अमेरिकेतल्या नृत्यरचनाकार मार्था ग्रॅहम १९९१ साली वारल्या आणि मृत्युपत्राने सगळं एका निकटच्या सहकाऱ्याला दिलं. २००२ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयाने बहुतेक रचना त्यांच्या संस्थेच्या ठरवल्या, कारण त्या संस्थेच्या नोकरीत असताना केल्या होत्या. तो कायदा तिकडचा, पण प्रश्न आपल्याकडेही तोच. मानधनावर बाहेरून बोलावलेल्याचं तसं नसतं. फरक ठरतो तो पत्रावर, म्हणून नेमणुकीचं पत्र शोधा.

हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनेच देता येतो. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. आणि हक्क देऊन टाकला तरी रचनेवर नाव मागण्याचा आणि तिची मोडतोड अडवण्याचा अधिकार रचनाकाराकडे राहतो. एका संस्थेने बाईंची रचना त्यांच्या नावाशिवाय मिरवली होती. बाई नुसत्या चिडल्या आणि गप्प बसल्या. एक साधं पत्र पुरलं असतं.

व्हिडिओचा हक्क मात्र वेगळा. तो सहसा चित्रण करवून घेणाऱ्याचा, नाचणाऱ्यांचे कलाकार म्हणून वेगळे हक्क, गाण्याचे आणखी वेगळे. पुढच्या प्रयोगापासून व्हिडिओवाल्याकडून दोन ओळी लिहून घ्या.

आणि दुसऱ्या बाजूने, गावच्या जत्रेत मुलांनी तुमची रचना केली म्हणून नोटीस पाठवायला धावू नका. हौशी मंडळाने तिकीट न लावता किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केलेल्या प्रयोगाला, तसंच खऱ्याखुऱ्या धार्मिक समारंभातल्या प्रयोगाला कायद्याने सूट आहे. उत्सवी नाटकांच्या या प्रदेशात ती नसती तर निम्म्या देवळांवर खटले चालले असते.

सहावं काम: मृत्युपत्र

हा विषय काढायला जड जातं. मी शेजारच्या कर्नाटकाची गोष्ट सांगून काढते. कन्नड लेखक शिवराम कारंतांनी यक्षगानाला, म्हणजे तिथल्या पारंपरिक नृत्यनाट्याला, नवं रूप दिलं. १९९४ च्या मृत्युपत्रात त्यांनी लेखनाचे हक्क सहायिकेला दिले, नृत्याचा वेगळा उल्लेख नव्हता. १९९७ ला ते गेले. २००१ साली दिल्लीत एका संस्थेने त्यांच्या पद्धतीचा प्रयोग केला आणि प्रकरण कोर्टात गेलं. मृत्युपत्रातल्या ‘उरलेलं सगळं’ या कलमात नृत्याचा हक्कही येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली मान्य केलं. एक ओळ जास्त लिहिली असती तर त्यातला बराचसा वाद टळला असता. ती ओळ तुम्ही लिहून घ्या: रचनांची नावं, त्यांचे हक्क, वह्या, टेपा, कपडे, प्रत्येक गोष्ट वेगळी. कपाट मिळालं म्हणजे हक्क मिळाला असं नाही.

गोव्यात एक गाठ जास्तीची. आपल्याकडे पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला वारसा कायदा चालतो, आता २०१२ च्या गोवा उत्तराधिकार कायद्याच्या रूपात. लग्नाआधी वेगळा करार नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, आणि मुलं असतील तर स्वतःच्या वाट्यातला निम्मा भागच मृत्युपत्राने हवा त्याला देता येतो. म्हणजे बाईंनी सगळ्या रचना लाडक्या शिष्येच्या नावे केल्या तरी मुलांचा हिस्सा उभा राहतोच. यावर उपाय एकच, घरच्यांना सोबत घेऊन बोला. तालुक्याच्या सब-रजिस्ट्रार कचेरीत विशेष नोटरीसमोर सार्वजनिक मृत्युपत्र होतं. आधी वकील गाठा, आणि यादीची वही बरोबर न्या, कारण बहुतेक वकिलांनी घर-जमिनीची मृत्युपत्रं केलेली असतात, नाचाची नाहीत.

निर्णय कोणी घ्यायचा हे मालकीपासून वेगळं ठेवता आलं तर उत्तम. आमच्याकडे हक्क मुलाकडे आहेत, पण रचना कोणाला शिकवायची हे आम्ही तिघी शिष्या ठरवतो. त्याने तसं लिहून दिलंय. तो दुबईला असतो आणि त्याला ताल कळत नाही, हे त्यानेच हसत सांगितलं.

शेवटचं: कुठे ठेवायचं, कोणाला शिकवायचं

मूळ वस्तू संस्थेला देताना पोचपावतीवर तीन गोष्टी हव्यात: काय दिलं, कोण पाहू शकेल, आणि वापरायला परवानगी कोणाची. डिजिटल प्रत आपल्याकडे ठेवल्याशिवाय काहीही देऊ नका. मराठी आणि कोंकणी, दोन्हीत मथळे लिहा. पुढे शोधणारा कुठल्या भाषेतून येईल सांगता येत नाही.

आणि दर वर्षी एक रचना तरी नव्या मुलींना शिकवा, वहीवरून. वहीतल्या चुका तिथेच सापडतात. आमची फुगडी गेल्या वर्षी बसली. सांग्याकडची एक जुनी मुलगी, आता आजी झालेली, म्हणाली की उजवी रांग आधी सुटायची, तिला पक्कं आठवतं, कारण पहिल्या प्रयोगात ती चुकून डावीकडून घुसली आणि नथ तुटली. घुमटवाले काका म्हणाले, नाही, डावी. वहीत दोन्ही लिहिलंय, सांगणाऱ्याच्या नावासह आणि तारखेसह. आम्ही सध्या उजवी करतो.